टेस्टिंगचा नंबर

माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला धक्का बसायला नको. आमची सॉफ्टवेअरची कंपनी आहे. कंपनी म्हणजे टायरच्या दुकानाच्या वरच्या दोन खोल्या आणि पाच माणसं. ज्यांच्या डोक्यात धंद्याची कल्पना असते पण पदरी प्रोग्रामर नसतात, त्यांची ॲप्स आम्ही बनवून देतो. वाहवा त्यांची होते, पोट आमचं भरतं. त्याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती.

त्या वेळी आमच्याकडे एकच क्लायंट उरला होता. त्याला आम्ही आपसांत ‘उद्यासाहेब’ म्हणायचो, कारण त्याला सगळं उद्या हवं असायचं. तो गाडीने चार तासांवरच्या मोठ्या शहरात राहायचा आणि तिथून उंटावरून शेळ्या हाकायचा. त्याचं ॲप घरदुरुस्तीचं होतं. नळ गळतोय, दिवा लागत नाही, दार अडकतंय, बटण दाबा, कारागीर दारात. करारात एक कलम होतं : हे काम आम्ही केलंय हे कुणालाही सांगायचं नाही. स्टार्टअपच्या बातम्या देणाऱ्या वेबसाइटना तो ‘आमची स्वतःची तीस इंजिनिअरांची टीम’ असं बिनदिक्कत सांगायचा. पाचांचे तीस कुठल्या गणितात होतात ते त्यालाच ठाऊक. पण मी तोंडावर बोट ठेवून होते. ॲप सोमवारी सुरू होणार होतं आणि आठवडाभर नीट चाललं तर शुक्रवारी पुढच्या दोन वर्षांच्या कामावर सही होणार होती. सही झाली नाही तर महिनाअखेरीस आमच्या दोन खोल्यांना कुलूप. बाकीच्या चौघांना मी हे स्पष्ट सांगून ठेवलं होतं.

आता आमचा एक नियम सांगते, कारण सगळं रामायण त्यातूनच घडलं. ॲप तयार होत असताना ते तपासायला जागोजागी कुणाचा तरी फोन नंबर टाकावा लागतो. पूर्वी आम्ही मनाला येईल तो टाकायचो. एकदा तो एका निवृत्त न्यायाधीशांचा निघाला. ‘आपली ऑर्डर निघाली आहे’ हे दिवसभरात दोनशे वेळा ऐकल्यावर त्यांनी मला फोनवर जन्मठेप तेवढी सुनावायची बाकी ठेवली. तेव्हापासून टेस्टिंगला फक्त घरच्या माणसाचा नंबर. कुणाची आई, कुणाचा मेहुणा, कुणाची सासू. माझ्याकडून आत्या.

आत्या माझ्याकडेच राहते. अठ्ठावीस वर्षं तिने हार्डवेअरच्या दुकानाचा काउंटर सांभाळला. कुठल्या नळाला कुठला वॉशर आणि कुठल्या दाराला कुठली बिजागरी हे ती झोपेतसुद्धा सांगेल. मग गुडघ्यांनी संप केला, दुकान गेलं, आणि ती दिवसभर घरात खिडकीशी बसू लागली. तिचा नंबर घेताना मी सांगितलं होतं, “आत्या, अधूनमधून फोन येतील. आमचीच माणसं गिऱ्हाईक बनून बोलतील. टेस्टिंग असतं ते, घाबरू नकोस.”

“मग मी काय बोलू?”

“सुचेल ते बोल गं,” मी म्हणाले होते. घाईत होते.

सोमवारी ॲप सुरू झालं. मंगळवार गेला. आम्ही पाचही जण श्वास रोखून बसलो होतो, पण काही कोसळलं नाही. बुधवारी सकाळी आमच्या टेस्टरने एक बातमी मोठ्याने वाचायला घेतली. ही बाई वयाने माझ्याएवढीच. तिला आम्ही ‘शंकासुर’ म्हणतो, कारण सूर्य उगवला तरी ती आधी खात्री करून घेते. बातमी आमच्याच ॲपची होती. ‘सगळीकडे यंत्रं बोलतात, इथे माणूस बोलतं’ असा मथळा. ॲपच्या हेल्पलाइनवर एक बाई आहेत, त्या आधी रागावतात आणि मग असा उपाय सांगतात की निम्म्या लोकांना कारागीर बोलवावाच लागत नाही, असं लोकांनी कौतुकाने कळवलं होतं. एकाने लिहिलं होतं, ‘त्यांनी मला गाढव म्हटलं, पण माझं स्वयंपाकघर वाचलं.’

“हेल्पलाइन?” शंकासुर म्हणाली. “आपल्या ॲपला हेल्पलाइन आहे?”

आहे. ‘मदत हवी?’ असं एक बटण आहे. ते दाबलं की फोन लागतो. उद्यासाहेब त्यासाठी खरा नंबर देणार होते. नंबर उद्या येणार, उद्या येणार करता करता राहून गेला. ‘मदतीचा खरा नंबर टाकणे’ ही ओळ आमच्या कामांच्या यादीत होती आणि तिच्यापुढे बरोबरची खूण होती. खूण मीच केली होती, रविवारी, इतर अकरा ओळींबरोबर एका दमात. म्हणजे बटणामागे अजून टेस्टिंगचाच नंबर होता, आत्याचा. मी स्कूटरची किल्ली घेतली आणि तडक घरी गेले.

आत्या खिडकीशी नव्हती. जेवणाच्या टेबलापाशी ताठ बसली होती, चष्मा नाकावर, समोर वही, कानाला फोन. मला हातानेच ‘थांब’ म्हणाली. “हे बघा, मेन स्विच बंद केलात ना? मग आता भिंतीला हात लावू नका आणि मुलाला घेऊन बाहेरच्या खोलीत बसा. तुमचा माणूस येईपर्यंत शूरपणा करायचा नाही. समजलं?” फोन ठेवून ती माझ्याकडे बघून हसली. इतकी खुललेली मी तिला दोन वर्षांत पाहिली नव्हती.

“काय छान नाटक करतात गं तुझी माणसं,” ती म्हणाली. “कालची एक तर चक्क रडली. मी पण कसर ठेवली नाही हं. तू सांगितलंस ना, सुचेल ते बोल.”

मी खुर्चीत बसले. खरं काय ते सांगितलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरला.

“म्हणजे ती मुलगी खरंच रडत होती?”

“हो.”

“आणि ज्याला मी गाढव म्हटलं तो?”

“तोही खरा. त्याने तुझं कौतुक केलंय, बातमीत आलंय.”

कौतुकाकडे तिचं लक्षच नव्हतं. “अगं, मी विजेबद्दल सांगितलं लोकांना. माझ्या सांगण्यात एक शब्द इकडचा तिकडे झाला असता तर? कुणाला शॉक बसला असता तर?” तिने फोन माझ्या बाजूला सरकवला. “घेऊन जा हा. मी आता हात लावणार नाही.”

मी फोन घेऊन ऑफिसात आले. ॲपमधला नंबर बदलायचा म्हटलं तरी बदलून टाकायला दुसरा नंबर होताच कुठे? मग आम्हीच आळीपाळीने फोन घेऊ लागलो. शंकासुर गिऱ्हाइकाला विचारायची, “नळ गळतोय याची तुम्हाला खात्री आहे का?” दुपारपर्यंत सहा जण संतापले होते.

आणि तेवढ्यात उद्यासाहेबांचा फोन. आवाजात साखर. “हेल्पलाइनची काय भन्नाट कल्पना काढलीत तुम्ही. बाई कोण आहेत त्या? बातमीवाल्यांना त्यांची मुलाखत हवी आहे. मी सांगितलंय की त्या आमच्याच ऑफिसात बसतात. शुक्रवारी सहीचं उरकू, मग त्यांना इकडे पाठवा. आणि उद्यापर्यंत अशा अजून दहा बायका बघा.”

“बघते,” म्हणून मी फोन ठेवला.

चौघांचं मत एकच पडलं : झाकली मूठ सव्वा लाखाची. शुक्रवारपर्यंत चूप बसायचं, सही घ्यायची, मग बघू. मलाही ते पटत होतं, खोटं कशाला बोलू. रात्री जेवताना मी आत्याला गोडीगुलाबीने म्हटलं, “एक मुलाखत फक्त. त्यांच्या ऑफिसात काम करते असं म्हणायचं, बस.”

“मला वाटत होतं नाटक आहे, तोवर मी नाटक केलं,” आत्या म्हणाली. “आता खरं कळल्यावर कसं करू?”

माझा पारा चढला. पाच घरांचा प्रश्न आहे, तुझ्या तत्त्वांचं लोणचं घाल, असं काहीबाही मी बोलले. तिने फक्त ती वही माझ्यासमोर ठेवली आणि झोपायला गेली.

वही मी सकाळी उघडली. दुकानात असताना जशी ती गिऱ्हाइकांची नड टिपून ठेवायची, तसंच तिने सगळं लिहिलं होतं. तीन दिवसांत त्र्याण्णव फोन. कुणाचं काय बिघडलं, तिने काय सांगितलं, आणि शेवटच्या रकान्यात ‘भाचीला सांगणे’. त्या रकान्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा होती. ‘येणारा माणूस कोण ते आधी कळत नाही. बाई घरात एकटी. दार कसं उघडायचं विचारते.’ मी मोजलं, एकतीस बायका. मला माझीच लाज वाटली. कारण येणाऱ्या कारागिराचं नाव आणि फोटो दाखवणारा भाग आम्ही बनवला होता. उद्यासाहेबांनी ‘घोळ नको, लवकर उरका’ म्हणून तो काढायला लावला आणि मी एका शब्दाने विरोध न करता काढला होता.

मी त्याला फोन लावला. नंबर आमच्या चुकीने राहिला, चूक माझी, आणि तुमची हेल्पलाइन म्हणजे माझी आत्या, हे सगळं एका दमात सांगून टाकलं.

“म्हणजे तीन दिवस माझ्या गिऱ्हाइकांशी तुमच्या आत्या बोलत होत्या,” तो म्हणाला. साखर पार विरघळली होती. “आणि तुम्हाला पत्ता नव्हता.”

“नव्हता. तुम्हालाही नव्हता. आता ऐका.” आणि मी त्याला त्या एकतीस ओळी वाचून दाखवल्या. तारीख, वेळ, एकेक बाई. सतराव्या ओळीनंतर तो “पुरे” म्हणाला. मी थांबले नाही. सगळ्या वाचल्या.

“मी उद्या येतो,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.

शुक्रवारी तो खरंच आला. जिना चढून वर आला तेव्हा त्याला धाप लागली होती. फोटोत दिसतो त्यापेक्षा बराच बुटका आणि बराच तरुण निघाला. करार त्याच्या बॅगेत होता, पण त्याने तो बाहेर काढला नाही. आत्याला मी हट्टाने आणलं होतं, निदान दोघींनी मिळून त्याची माफी मागावी म्हणून. ती कोपऱ्यात मांडीवर हात ठेवून बसली होती. तो तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला.

“आत्या, तुम्ही इतके दिवस घेत होतात तसे फोन घ्याल का? तुमच्या घरून घ्या. मुलाखतही नको, काही नको.”

“नाही जमायचं,” आत्या म्हणाली. “तेव्हा मला भीती नव्हती, कारण मला काही माहीत नव्हतं. आता फोनकडे बघायचंसुद्धा धाडस होत नाही.”

तो मान हलवत राहिला. बॅग अजून बंदच होती. मनात म्हटलं, संपलं सगळं.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. शंकासुराने उचलला. “काय? पाणी? कुठून येतंय? नक्की तिथूनच येतंय का? नाही, म्हणजे तुम्ही स्वतः बघितलंत का?” पलीकडचा माणूस ओरडत होता, आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं. शंकासुर आपल्या परीने खात्री करून घेत होती.

आत्याने आधी डोळे मिटले. मग खुर्चीवर चुळबुळ केली. “अगं, कॉक विचार ना त्याला, कॉक,” ती पुटपुटली. शंकासुराने विचारलं, “कुठला कॉक?” आणि आत्याला राहवलं नाही. उठली, गुडघे विसरली आणि फोन जवळजवळ हिसकावूनच घेतला.

“हे बघा,” ती म्हणाली. पहिले दोन शब्द कापरे होते, मला स्पष्ट कळलं. “आधी ओरडायचं थांबा. सिंकखाली वाका. पाइपला एक गोल चावी दिसते का? मला नीट सांगा, दिसली नाही तर दिसली नाही म्हणा. मला इथून दिसत नाही, मी तुमच्याच डोळ्यांनी बघतेय. दिसली? आता उजवीकडे फिरवा. जोर लावा, जेवला नाहीत का आज?”

मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. पलीकडे बहुतेक पाणी थांबलं असावं, कारण आत्या आता त्याला फरशी पुसायला सांगत होती, आणि बायकोला नको, तुम्हीच पुसा, असंही.

उद्यासाहेबाने बॅग उघडली. करार टेबलावर ठेवला, पानं चाळली आणि गुपिताच्या त्या कलमावर पेनाने आडवी रेघ मारली. शेजारी स्वतःची सही केली. मग शेवटच्या पानावर सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

“फोटो आणि नावाचा भाग कधी मिळेल?” त्याने हळू आवाजात विचारलं.

“दहा दिवस,” मी म्हणाले. “त्याआधी नाही.”

“बरं,” तो म्हणाला. आत्याला त्रास नको म्हणून तो जिना पावलं न वाजवता उतरून गेला.

सही झाल्याचं आत्याला सांगायला मात्र आम्हाला वीस मिनिटं थांबावं लागलं, कारण तोवर तिसरा फोन आला होता.