बरोबरीची जोड

फ्लेक्स वाचून अब्बासचं डोकं सणकलं.

कुंभिवलीच्या नाक्यावर तो टमटममधून उतरतो न उतरतो तोच समोर श्रीपतचा मिशांना पीळ दिलेला फोटो, आणि खाली ठळक अक्षरं : ‘कर्जतच्या अब्बास पैलवानाला चितपट करणारे आमच्या गावचे वाघ, श्रीपत पैलवान यांचा भव्य सत्कार.’ त्याखाली कोपऱ्यात, बारीक : ‘प्रमुख पाहुणे : अब्बास पैलवान, भिसेगाव, कर्जत.’

ज्याला पाडला म्हणायचं, त्यालाच पाहुणा म्हणून बोलवायचं! घरून निघताना बायकोने, शरीफाने, इस्त्रीचा सदरा काढून दिला होता, तो आता घामाने पाठीला चिकटला होता. कार्यक्रमाला अजून अवकाश होता. अब्बास दुखरा गुडघा ओढत तडक श्रीपतच्या घरी गेला.

श्रीपत ओट्यावर आरसा धरून मिशांना तेल लावत होता.

“काय रं, मला कधी चीत केलंस?”

“खालापूरच्या जत्रंत. शेवटच्या कुस्तीला,” श्रीपतने आरशातली नजर हलवली नाही.

“ती बरोबरीत सुटली!”

“सुटली नाय, मी सोडली. पाठ टेकली व्हती तुझी. पंचाचं ध्यान नव्हतं, म्हून लंगोटाला धरून उचलला तुला.”

“खांदा टेकला होता. पाठ नाय.”

“पाठ.”

या दोघांचं असं होतं, की ऐन उमेदीची सगळी वर्षं ते घाटाखालच्या जत्राजत्रांतून एकमेकांशीच लढले. दोघंही तयारीचे गडी. पण एक गोष्ट त्यांच्या लवकर ध्यानात आली. एक जण पडला की लोकांची हौस फिटते आणि पुढच्या वर्षी दोघांनाही कोणी विचारत नाही. कुस्ती बरोबरीत सुटली, तर गाव वर्षभर वाद घालतं आणि पुढच्या जत्रेला त्याच जोडीला बोलावणं धाडतं. म्हणून त्यांनी आपसात ठरवलं, पाडायचं नाही. घाम खरा, मार खरा, फक्त शेवट ठरलेला. हे त्या दोघांना आणि श्रीपतच्या बायकोला, मालनबाईला, ठाऊक होतं. शरीफालासुद्धा अब्बासने कधी सांगितलं नव्हतं.

“ठरलं होतं म्हणून उचललंस ना? मग जिंकलास कसा?”

“मरायच्या आदी एक तरी कुस्ती जिंकायची हाय मला.”

“मग दुसऱ्या कुणाशी लढायचं होतंस!”

“दुसरा कोन व्हता रं माझ्या तोडीचा?”

अब्बासने कपाळावर हात मारून घेतला. मालनबाई चहा घेऊन बाहेर आली.

“भावजी, सकाळपासनं डोकं फोडते मी. भिताडाला सांगितलं असतं तं भिताड हललं असतं. तुमीच बोला आता माईकवर काय ते.”

“बोलतोच, वैनी. ठरवून लढत होतो, हेच सांगून टाकतो. एकदाचं होऊन जाऊ दे.”

श्रीपतची बोटं मिशीवर थांबली. “ते नाय सांगायचं. तोंड दाखवायला जागा राहील का आपल्याला?”

“मग फ्लेक्स उतरव.”

“तो केतनने लावलाय. त्याला इचार.”

केतन म्हणजे श्रीपतचा नातू, गावच्या तरुण मंडळाचा सेक्रेटरी. तो मांडवात खुर्च्या लावत होता. त्याने “बघू, बघू” म्हटलं आणि काहीच बघितलं नाही.

दोघांना फेटे बांधून शेजारी शेजारी बसवलं. केतनने माईक हातात घेतला. “आमच्या आजोबांनी खालापूरच्या आखाड्यात अब्बास पैलवानांची पाठ...”

“खोटं!” मागच्या रांगेतून आवाज आला. मंगळी म्हातारी उभी राहिली होती. “मी तितंच शेंगा इकत व्हते. दिवस बुडत आला तरी कुस्ती सुटंना. एक जन पडला असता तं मानसं थांबली असती व्हय? माझी पाटी रिकामी झाली त्या दिशी!”

“खरं हाय,” तिच्या पुढ्यातला धाऊ म्हणाला. “मी आंब्यावर बसून बघत व्हतो. पंचाने दोघांचे हात वर केले.”

पोरं हसायला लागली. श्रीपत ताडकन उठला आणि त्याने नातवाच्या हातून माईक ओढला. “टेकली व्हती याची पाठ! मी उचलला याला!”

“आन टेकली व्हती तं उचललास कशापायी?” मंगळीने विचारलं.

या प्रश्नाला उत्तर एकच होतं, आणि ते दिलं असतं तर मंगळीची रिकामी पाटी, धाऊचा आंबा, गावोगावच्या माणसांनी जपून ठेवलेली ती सगळी संध्याकाळ खोटी ठरली असती. श्रीपतने अब्बासकडे बघितलं.

अब्बासला आधी बरंच वाटलं. दे आता उत्तर, बस बोंबलत! पण श्रीपतच्या फेट्याखालून घामाची धार लागलेली. या माणसाने घोळ घालावा आणि आपण निस्तरावा, हे जन्मभर असंच चालायचं! तो गुडघ्यावर हात रेटत उठला आणि त्याने माईक घेतला.

“बसा मंगळीबाई. बरोबरीतच सुटली. दोघांनी लय जोर लावला, कोणी पडलं नाय. छापताना पोरांची गडबड झाली.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. “चाचा, माझ्यावर काय ढकलता? आजोबांनीच सांगितलेलं!” केतन ओरडला, पण ते कोणालाच ऐकू गेलं नाही.

श्रीपतने शाल घेतली, नारळ घेतला, भाषणं ऐकली. शेवटी मालनबाईने दोघांच्या मध्ये भज्यांची बशी आणून ठेवली, तेव्हा तो हळूच म्हणाला, “एक कुस्ती तरी द्यायचीस मला.”

“आणि मी रं? मी तरी कोणती जिंकलो?”

श्रीपतने भजं चावत विचार केला. त्याला ते पटलंही असावं.

“पन पाठच टेकली व्हती,” तो म्हणाला.

“खांदा!” अब्बास एवढ्या जोराने ओरडला की चहा पिणारी माणसं वळून बघायला लागली. तशी दोघांनी घाईघाईने एकमेकांच्या गळ्यात हात टाकले.