भारद्वाजाचा डोळा

शेवटचा खिळा उपटून गोपाळकृष्णांनी फ्रेमची मागची फळी जेवणाच्या टेबलावर ठेवली, पुठ्ठा काढला आणि दोन्ही हातांनी कागद उचलला. तो काचेला चिकटलेला नव्हता. त्यांचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी चित्र सुलटं केलं आणि त्यांच्या तोंडून "अरेच्चा!" निघालं.

"काय झालं? फाटलं?" शरयूबाई कणकेच्या हातांनी स्वयंपाकघरातून आल्या.

"लांबूनच बघ. याचा डोळा पिवळा आहे."

"लांबूनच बघायचं तर बोलावता कशाला," असं म्हणत त्या जवळ आल्याच.

भारद्वाज जवळजवळ खऱ्या पक्ष्याएवढा होता. तांबूस पंख, काळीभोर शेपटी आणि अगदी फिकट, मेलेला वाटावा असा पिवळसर डोळा. फ्रेममध्ये असताना तो लालबुंद दिसत होता. लाल होतं ते काचेवर. तेलात कालवलेल्या कुंकवाचा वाटाण्याएवढा जाड थर नेमका डोळ्यावर बसला होता.

गोपाळकृष्ण सांगलीच्या एका शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवून निवृत्त झाले होते. दीडशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये छापलेली, हाताने रंगवलेली दख्खनच्या पक्ष्यांची चोवीस चित्रं, एवढाच त्यांचा शौक होता. रंगवणाऱ्या पोरी एका लांब टेबलाशी बसत, एकीकडे तांबडा, दुसरीकडे हिरवा, आणि ज्या पक्ष्याला रंग देत तो त्यांनी जन्मात पाहिलेला नसे, हे ते पाहुण्यांना मोठ्या कौतुकाने सांगत. स्वतः मात्र खिडकीत आलेल्या चिमणीकडेही ढुंकून बघत नसत. पक्षी त्यांना कागदावरचेच आवडत. अठरा वर्षांत तेवीस मिळाले होते. एक पुण्याच्या जुन्या बाजारात, तर दोन वाईच्या एका भटजींच्या ट्रंकेत. राहिला होता तो भारद्वाज, आणि आता वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी तो समोर पडला होता.

तो आला होता पाटणजवळच्या एका गावातून. तिथल्या रंगूबाईंची सून क्रांती माहेरी सांगलीजवळ कुपवाडला येताना काचेचा कोपरा तडकलेली फ्रेम दुरुस्तीला घेऊन आली आणि फ्रेमवाल्याने लगेच फोन केला, "सर, तुमच्यातला पक्षी आलाय." गोपाळकृष्णांनी क्रांतीपुढे अक्षरशः हात जोडले. हुबेहूब दुसरं चित्र काढून देतो, म्हणाले, पण हे मला द्या. क्रांतीने सासूला विचारून कळवलं, "आत्या म्हणत्यात, दोन्ही घेऊन या, बघून सांगते. पण माझा नवरा शिवतेज रविवारी ड्युटीवर निघणार. त्याच्या आत भितीवर भारद्वाज पायजे. त्याला बघितल्याबिगर आमच्यात कोण भाईर पडत न्हाई."

भारद्वाज दिसणं शुभ. खरा काही वेळेवर हजर होत नाही, म्हणून हा चित्रातला.

गोपाळकृष्णांनी तडकलेली काच कचऱ्याच्या डब्याकडे नेली तेव्हा शरयूबाईंनी ती हातातून काढून घेतली.

"कुंकवाची काच कचऱ्यात टाकतात का? रविवारी परत येताना कऱ्हाडला संगमात सोडू."

"सोड बाई," ते म्हणाले. त्यांचं सगळं लक्ष कागदाकडे होतं.

पुढचे बारा दिवस जेवण मांडीवर ताट घेऊन झालं. गोपाळकृष्णांनी पंखाचं पीस न् पीस उतरवलं. डोळाही मुळातला तसाच फिकट पिवळा ठेवला. फक्त मूळ चित्रकाराने मान जरा खाली घेतली होती, ती त्यांच्या डोळ्यांना खटकत होती. तीस वर्षं मुलांची चित्रं दुरुस्त केलेला हात. राहवलं नाही. मान बोटभर ताठ केली.

रविवारी सकाळी भाड्याची गाडी रंगूबाईंच्या दारात थांबली तेव्हा शिवतेजचं सामान ओट्यावर बांधून तयार होतं. अकराची एसटी गाठायची होती. गोपाळकृष्णांनी नव्या काचेतलं नवं चित्र भिंतीला टेकवून ठेवलं. रंगूबाई साठीच्या, हाडापेराने मजबूत. पदराला हात पुसत त्या पुढ्यात उकिडव्या बसल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"सर, ह्याचा डोळा कुठं गेला?"

गोपाळकृष्णांनी जाड पुठ्ठ्यात जपून आणलेलं मूळ चित्र उघडून दाखवलं. "रंगूबाई, मुळातच तो असा आहे. लाल दिसत होतं ते काचेवरचं कुंकू होतं."

"म्हाईत हाय की मला." त्यांचा आवाज चढला नाही. "चित्र घरात आलं तवा सासूबाई म्हणाल्या, भारद्वाज हाय खरा, पर ह्याला नजर न्हाई. भारद्वाजाचा डोळा कसा, गुंजेगत लाल असतुया. मामंजी फौजेत निघालं हुतं. सासूबाईंनी कुंकवानं ह्याला डोळा दिला. मग जो जाईल त्याच्या नावाचं त्याच्यावर एक बोट. मामंजींचं, आमच्या मालकांचं, आता ह्या पोराचं. सगळी माघारी आली." त्यांनी नव्या काचेला बोट लावलं. "काच टाकली व्हय तुमी?"

कागदाला धक्का लागू नये म्हणून गोपाळकृष्णांनी बारा दिवस पंखासुद्धा लावला नव्हता, आणि या घराची जी वस्तू होती ती ते डब्यात टाकायला निघाले होते. त्यांना मनापासून लाज वाटली.

शरयूबाईंनी पिशवीतून जुन्या टॉवेलात गुंडाळलेली काच काढून पुढे ठेवली.

"टाकली नाही हो. संगमात सोडणार होते."

रंगूबाईंनी कुंकवाच्या थरावरून अंगठा हलकेच फिरवला आणि पहिल्यांदाच हसल्या. "लय बरं केलंत बाई."

गोपाळकृष्णांनी घाईघाईने फ्रेम उघडली, नवी काच काढून जुनी बसवली, खाली आपलं चित्र घातलं आणि फ्रेम उभी केली. कुंकू पक्ष्याच्या गळ्यावर आलं. वर फिकट डोळा तसाच बघत होता. त्यांनी कागद थोडा सरकवून पाहिला, पण चौकटीत जागाच नव्हती. ताठ केलेली मान नडली होती.

"ऱ्हाऊ द्या. चालंल," रंगूबाई म्हणाल्या. "पोराला उशीर हुतोय." पण कुंकवाची वाटी हातात असून त्या जागच्या हलल्या नाहीत.

क्रांती नवऱ्याची बॅग खांद्यावर घेऊन दारात उभी होती. तिची नजर चित्रावरून हटत नव्हती. शरयूबाई नवऱ्याकडे बघत होत्या.

गोपाळकृष्णांनी पक्कड पुन्हा उचलली. खिळे काढले, आपलं चित्र बाहेर घेतलं. मूळ कागदाच्या कडेवरून त्यांनी एकदा बोट फिरवलं आणि तो काचेखाली ठेवला. पुठ्ठा, फळी, चार खिळे. फ्रेम उलटली तेव्हा भारद्वाज लाल डोळ्याने सगळ्यांकडे बघत होता.

रंगूबाईंनी त्या डोळ्यावर नवं बोट टेकवलं. शिवतेजने चित्राला हात जोडले आणि तो आईच्या पाया पडला.

"येतो."

"ये."

तो आणि क्रांती फाट्याकडे गेल्यावर रंगूबाई वळल्या. "आवं सर, ह्यो तर तुमाला पायजे हुता तोच कागद."

"तुमचाच आहे तो," गोपाळकृष्ण म्हणाले. "त्याची मान बरोबर आहे."

परतताना गाडी कऱ्हाडला आली. तेव्हा शरयूबाईंनी विचारलं, "चोविसावं?"

"माझं घालीन."

दुसऱ्या दिवशी शरयूबाई उठल्या तेव्हा उजाडलं होतं. टेबलावर नवा भारद्वाज पसरलेला होता. डोळ्याची जागा ब्लेडने खरवडून कोरी केलेली होती. शेजारी लाल रंगाची वडी होती, ब्रश होता, पण ब्रश कोरडाच होता. त्याच्याखाली चिठ्ठी.

"नदीकाठी हरिपूरकडे जातो. तिथल्या बांबूत भारद्वाज येतो म्हणतात. डोळा बघून येतो, मग रंगवतो. चहाला थांबू नकोस."

शरयूबाईंनी चहाचं आधण ठेवलं. नेहमीसारखं, दोघांचं.