मला एकटीला झेपेल अशी

"बसून तरी बघ. सोफा झक मारेल हिच्यापुढे," नवरा म्हणाला, म्हणून तिकीटबाई चपला काढून डिंगीत जाऊन बसली.

डिंगी, म्हणजे मोठ्या बोटीवरून किनाऱ्यावर ये-जा करायची छोटी होडी, दुकानात होती, गालिच्यावर. हवा भरून टम्म फुगवलेली, तळाला ॲल्युमिनियमचा पत्रा, मागे आडदांड काळी मोटर. तिच्या डोक्यावरून नवरा आणि दुकानदार बोलत होते. माणसं किती मावतात, मोटरची ताकद किती, लाटेवर उडते की लाट कापते. बैलाचा सौदा चालावा आणि बैलाला कुणी काही विचारू नये, तसं ते चाललं होतं. बऱ्याच वेळाने दुकानदाराला आठवण झाली की आत एक बाई बसली आहे. तो खाली वाकला आणि अगदी अदबीने म्हणाला, ताई, रंग कुठला आवडेल, राखाडी की पांढरा?

रंग. घर बांधताना भिंतीचा, लग्न ठरवताना शालूचा, आणि आता डिंगीचा. बायकांना जगात एवढाच एक प्रश्न विचारायचा असं कुठे तरी ठरलेलं आहे, आणि तो विचारणारा वर आपण किती मोठ्या मनाचे म्हणून हसतो.

तिने रंग सांगितला नाही. ही पाण्यात कधी बघायची, असं विचारलं. दुकानदार हसला. पाण्यात उतरवली की डिंगी जुनी झाली, मग ती कोण घेणार? सगळे इथेच बघतात, इथेच बसतात, इथूनच नेतात. त्यात खोटं काही नव्हतं. समुद्रावर वापरायची वस्तू लोक गालिच्यावर बसून पसंत करत होते, आणि पाण्यात गेल्यावर मिळेल ते निमूट सोसत होते.

तिला तिकीटबाई म्हणत, कारण तिची सगळी नोकरी बसस्थानकाच्या तिकीट-खिडकीत गेली होती. काचेला एक भोक, त्यातून हात यायचा, गावाचं नाव यायचं. जगभराची माणसं तिने कुठे कुठे पाठवली, स्वतः खुर्चीवर. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. अंधाऱ्या विहिरीसारख्या पोकळीत, अंगाला ग्रीस, डोक्यावर लोंबकळता डबा. दोघं निवृत्त झाल्यावर घर लेकीच्या हवाली करून त्यांनी एक जुनी शिडाची बोट घेतली आणि तिच्यावरच राहायला गेली. वारा सरळ झाला की किनाऱ्याकिनाऱ्याने बंदरं करत जायचं ठरलं होतं. लोकांना वाटायचं, लिफ्टवाल्याचं खूळ, बिचारी बायको फरफटत गेली. साफ चूक. त्याने विषय काढला तेव्हा हो तिने आधी म्हटलं होतं, त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत.

पण बोटीवर राहणं म्हणजे काय, हे तिला नांगर टाकल्यावर कळलं. बोट खाडीच्या मधोमध उभी असते. जमीन दिसते, जमिनीवरची कुत्री दिसतात, दोरीवर वाळत घातलेले कपडे दिसतात, पण मध्ये पाणी. बोट हे घर असेल तर डिंगी हे त्याचं दार. आणि दार कायम नवऱ्याकडे. जुन्या डिंगीची पेट्रोलची मोटर दोरीला हिसका देऊन चालू करावी लागे, आणि तिकिटांच्या यंत्राचा दांडा वर्षानुवर्षं ओढून बाईचा उजवा खांदा कामातून गेलेला. म्हणून नवरा बाहेर गेला की ती बोटीवर. तो बोटीवर असला की तिने विचारायचं, अहो, मला जरा सोडता का?

तो कधीही नाही म्हणाला नाही. खरं दुखणं तिथेच होतं. नाही म्हणणाऱ्याशी भांडता येतं. हा म्हणायचा, थांब, एवढा नट आवळतो की निघूच. मग नट आवळला जायचा, त्याच्या शेजारचा सैल निघायचा, आणि ती पर्स मांडीवर घेऊन डेकवर बसून राहायची.

एकदा तिची धाकटी बहीण न कळवता भेटायला आली. लिफ्टवाला डिंगी घेऊन खाडीच्या पार त्या टोकाला, सुटा भाग आणायला गेलेला. बहीण धक्क्यावर उभी राहून हात हलवत होती, ही डेकवरून ओरडत होती, आणि वारा दोघींचे शब्द भलतीकडेच नेत होता. बहीण आपल्या पिशवीवर बसली. उठली. पुन्हा बसली. शेवटी घड्याळ बघून परतीच्या बससाठी निघून गेली. फोनवर ती हसत होती. "ताई, लांबून अगदी राणीसारखी दिसत होतीस गं." तिकीटबाईही हसली, फोन ठेवला, आणि त्या दिवशी ठरवलं: दार माझ्याही हाताने उघडलं पाहिजे, नाही तर मी या बोटीवरून पुढच्या बंदराला येत नाही.

जुनी डिंगी उन्हाने चिकट होऊन शिवणीत फाटली आणि नवी घ्यायची वेळ आली, ती अशी. नवऱ्याच्या मनात दुकानातली ती आडदांडच भरली होती. तो मनापासून म्हणत होता, तुझ्यासाठीच घेतोय, लाटेचा थेंब अंगावर येणार नाही तुझ्या. तुझ्यासाठी. हा शब्द कानावर आला की बाईमाणसाने सावध व्हावं. त्याच्या मागून येतं ते बहुतेक वेळा तिच्या उपयोगाचं नसतं.

ती भांडली नाही. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणून ती रोज सकाळी शेजारच्या बोटवाल्यांबरोबर धक्क्यावर जाऊ लागली. धक्क्याला सगळ्या बोटींच्या डिंग्या बांधलेल्या असत. बोटीवर राहणाऱ्यांत एक रीत आहे, कुठे लिहिलेली नाही, पण सगळे पाळतात. साखर मागा, दोरखंड मागा, अर्ध्या रात्री पंप मागा. दुसऱ्याची डिंगी मागू नये. ती मागणं म्हणजे त्याचे पाय मागणं. तिकीटबाईने सरळ मागितली. पहिल्यांदा एका वेल्डरकडे. तो आधी बघतच राहिला. मग म्हणाला, "काकू, घ्या, पण माझ्या नजरेसमोर फिरवा. गेली तर मला बोटीवर पोहत जावं लागेल."

वेल्डरच्या डिंगीचा तळ लाकडी फळ्यांचा होता. फळ्यांच्या फटीत तिचं बोट सापडलं, नख काळंनिळं झालं. दुसऱ्या एकाच्या डिंगीचे कडेचे हवेचे फुगे इतके बारीक की येणारी प्रत्येक लाट मांडीत येऊन बसायची. मग पलीकडच्या बोटीवर एकटी राहणारी निवृत्त मास्तरीण भेटली. तिच्या डिंगीचा तळसुद्धा हवेचा होता, पंपाने टणक करायचा. हलकी इतकी की दोघींनी धरली तर हसता हसता वाळूवर येई, आणि एकटीने ओढली तर दम खात खात, पण येई.

वल्ही मारायला मास्तरीणबाईंनीच शिकवलं, आणि शिकवताना दया दाखवली नाही. "उजवीकडे काय गोळा करताय, सरळ जा," हे वाक्य तिकीटबाईने इतक्या वेळा ऐकलं की ते तिला स्वप्नातही ऐकू येई. अधू खांद्यामुळे डिंगी गोल फिरायची. मग तिनेच शोधून काढलं: डावा हात पुरा, उजवा अर्धा पण दोनदा. दिसायला वेंधळं दिसे. जायची मात्र सरळ.

इकडे लिफ्टवाल्याने दुकानदाराला शब्द देऊन टाकला होता. बाईचा पाण्यात बघायचा हट्ट पुरवायचा म्हणून दुकानदार ती आडदांड गाडीवर घालून धक्क्यावर घेऊन आला. डिंगी पाण्यात उतरवून त्याने दोन ऐटदार गिरक्या मारल्या. बघणारे जमले. लिफ्टवाल्याचा चेहरा फुलला.

"बघितलीस?"

"बघितली. आता तुम्ही पाण्यात पडा."

त्याला कळलं नाही. तिने पुन्हा सांगितलं, आवाज न चढवता. "पुढे आपण दोघंच असणार. कुठल्या तरी अनोळखी खाडीत तुम्ही डेकवरून पाय घसरून पाण्यात जाल. वारा तुम्हाला लांब नेत असेल. तेव्हा तुम्हाला आणायला कोण जाईल? हा दुकानदार येईल का? मीच येणार ना? मग आजच बघू, मला येता येतंय का."

लिफ्टवाला काहीबाही सांगू लागला, पोहता येतं, जॅकेट घालूनच वावरतो. ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली. खिडकीत बसून तिने हजारो माणसांचं काहीबाही ऐकलं होतं. त्यातलं किती खरं, हे तिला चेहऱ्यावरून कळे. शेवटी त्याने लाइफ जॅकेटचे पट्टे आवळले, चष्मा मास्तरीणबाईंच्या हातात दिला आणि उडी मारली. वेल्डर काही झालंच तर म्हणून आपली डिंगी घेऊन थोड्या अंतरावर थांबला.

तिकीटबाई आडदांडीत चढली. डाव्या हाताने दोरी ओढली. मोटर हलली नाही. पुन्हा ओढली. मोटर खोकली आणि गप्प झाली. वाऱ्याने डिंगी आडवी झाली आणि नवऱ्यापासून दूर, धक्क्याच्या खांबांकडे सरकू लागली.

"चोक ओढ! डावीकडचा, चोक!" तो पाण्यातून ओरडला.

"बोलू नका. तुम्ही बुडताय. बुडणारा माणूस बोलत नाही."

मास्तरीणबाई तोंडाला पदर लावून हसल्या. वल्ही उचलावीत, तर फुगे एवढे रुंद की ती पाण्यापर्यंत पोहोचत नव्हती. ती पाण्याला नुसती गुदगुल्या करत राहिली आणि डिंगी धाडकन खांबावर जाऊन आपटली. दुकानदाराचा जीव खालीवर झाला. लिफ्टवाला लांब गेला होता. आता तो खरंच बोलत नव्हता. एवढंसं डोकं लाटांवर वरखाली होत होतं, आणि बिनचष्म्याच्या डोळ्यांनी तो बायको कुठे आहे ते शोधत होता. तिला ते दिसलं आणि तिने वल्ही टाकून दिली. हे नाटक आहे, हे दोघांनाही माहीत होतं, तरीही.

धक्क्याची शिडी धरून ती आडदांडीतून बाहेर पडली आणि शेजारी बांधलेल्या मास्तरीणबाईंच्या डिंगीत उतरली. डावा पुरा, उजवा अर्धा, पुन्हा अर्धा. वल्हवणाऱ्याची पाठ जायच्या दिशेला असते. ती दर चार हातांनी मान वळवून बघत होती. खांद्यातून कळ निघत होती. धक्क्यावरून कुणी तरी सल्ला दिला, तो तिने ऐकला नाही. डिंगीचा मऊ फुगा नवऱ्याच्या कपाळाला लागला तेव्हा कुठे तिला कळलं की आपण पोहोचलो.

तो वर चढायला गेला आणि पाय डिंगीखाली गेले. पुन्हा गेला, पुन्हा तेच. तिने त्याला पाठमोरा केला, जॅकेटचे खांद्यावरचे पट्टे धरले, त्याला आधी खाली दाबला आणि पाण्याने वर फेकताच सगळं अंग मागे टाकून ओढला. तो पोत्यासारखा तिच्या अंगावर आला. दोघं तळाशी उताणी पडून धापा टाकत राहिली. धक्क्यावर शिट्ट्या वाजल्या.

"हीच घेऊ," तो आभाळाकडे बघत म्हणाला.

"ही नाही. हिचे फुगे बारीक आहेत. तळ हवेचाच, पण फुगे जाड. कापड उन्हात टिकणारं, रबरी. आणि मोटर विजेची, बटणाची."

"विजेची हळू चालते अगं."

"कुठे पळून जायचंय तुम्हाला?"

तो हसायला लागला. हसता हसता त्याला खोकला आला, खोकत खोकत त्याने तिचा दुखरा खांदा चाचपला, जसा तो बिघडलेला भाग चाचपायचा तसा. धक्क्यावर चढल्यावर त्याने दुकानदाराला सांगितलं की शब्द मागे घेतो. दुकानदार कुरकुरला, खांबाचा ओरखडा दाखवू लागला, माणसाच्या शब्दाला काही किंमत असते म्हणाला. लिफ्टवाल्याच्या कपड्यांतून पाणी निथळत होतं. "किंमत आहे म्हणून तर तुमच्याकडेच घेतोय," तो म्हणाला. "कुठली ते हिला विचारा. मी पाण्यात होतो."

दुकानदाराने वही बंद केली, बाईकडे वळला आणि पहिल्यांदाच खालमानेने, जाड फुगे म्हणजे नक्की किती जाड, असं विचारलं. तिने दोन्ही हात पसरून दाखवलं.

नवी डिंगी आली. वारा सरळ व्हायला अजून अवकाश होता. एका सकाळी लिफ्टवाला बोटीच्या पोटात इंजिनाशी झटत होता. तिकीटबाई डिंगीत उतरली, दोरी सोडली आणि हाक मारून म्हणाली, येते मी. त्याने ग्रीसने माखलेलं डोकं वर काढलं आणि काय आणायचंय, असं विचारलं. काही नाही, ती म्हणाली. मग कुणाकडे? कुणाकडेच नाही. तिने बटण दाबलं. मोटर नुसती गुणगुणली.

वाळूवर तिने डिंगी एकटीने ओढली. दोनदा थांबली, तिसऱ्यांदा डिंगी कोरड्यावर आली. खुंटाला दोर बांधून ती जवळच्या बाकावर जाऊन बसली. समोर त्यांची बोट होती, आणि डेकवर नवरा. तो या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, परत आला, डोळ्यांवर हात धरून किनाऱ्याकडे बघितलं. मग बसला. मग पुन्हा उठला.

तिने पाय लांब केले. पायांवरचं पाणी वाळून मिठाचे पांढरे डाग पडले, तरी ती उठली नाही.