कोपऱ्यातलं मशीन बोलेना

लालबागच्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर पंचवीसेक कॉम्प्युटर होते, सगळे लिनक्स या मोफत प्रणालीवर चालणारे. ते सांभाळायची नोकरी प्राचीला नुकतीच लागली होती. एक दिवस शांताकाकी नवऱ्याला, जयवंतकाकांना, हाताला धरून जिना चढवून घेऊन आल्या. काका छापखान्यात नोकरीला होते. काचबिंदूने दृष्टी गेली तेव्हापासून घरीच.

"दिवसभर नुसते चिडतात गो," काकी म्हणाल्या. "कायतरी शिकव त्यांना."

प्राचीने कोपऱ्यातल्या मशीनवर एक प्रोग्राम टाकला. पडद्यावर येईल ते तो वाचून दाखवायचा. काकांनी हेडफोन लावला, चाचपडत एक बटण दाबलं आणि कानात 'क' ऐकू आला. ते दचकले. मग लहान मुलासारखं एकेक बटण दाबत सुटले.

दुसऱ्या दिवशी मशीन मुकं होतं. प्राचीने बघितलं तर प्रोग्रामच गायब! तिने परत टाकला. पुढच्या सकाळी परत गायब. अभ्यासाला येणाऱ्या पोरांपैकी कोणी मस्ती करतंय म्हणून तिने पासवर्ड बदलला. तरी तेच. सफाई करणाऱ्या चंपाला तिने विचारलं, "तू कोपऱ्यातल्या मशीनला हात लावतेस का?"

"फडकं मारते ना. का?"

"नको मारूस. माझं सगळं जातं त्याच्यातून."

चंपाचं तोंड उतरलं. पुसण्याने आतलं काय जाणार, हे प्राचीलाही कळत नव्हतं. पण दुसरं काही सुचतच नव्हतं. त्यात बुधवारी प्रोग्राम आपला जागेवर होता, छान बोलत होता. गुरुवारी पुन्हा नाही.

त्या दिवशी काकांनी तक्रार केली नाही. हेडफोन काढून मनगटावरचं घड्याळ कानाला लावलं, टिकटिक येते का बघितलं. मग हळूच म्हणाले, "प्राची, खरं सांग हां. मशीन बोलतंय ना? का मलाच बारीक आवाज येत नाय?"

"नाही काका, मशीनच बंद आहे."

"डोळे असेच हळूहळू गेले होते. कान पण चालले असतील तर लपवू नको बाई."

प्राचीने तिथूनच दादरच्या मुख्य शाखेत उन्मेषला फोन लावला. सगळ्या शाखांचं नेटवर्क तोच बघायचा.

"माझ्या एका मशीनमधून रोज कोण प्रोग्राम काढतंय?"

"कोणी नाही. तुझी सगळी मशिन्स मस्त आहेत, एकदम सेम."

"सेम म्हणजे?"

"इथल्या मुख्य सर्व्हरसारखी. सकाळी सुरू झाली की सर्व्हरशी ताडून बघतात. कमी असेल ते घेतात, जास्तीचं असेल ते उडवतात. म्हणून तर एकेक मशीन बघत बसावं लागत नाही."

प्राची खुर्चीत बसली. "आणि बुधवारी का नाही उडालं?"

उन्मेषने बघितलं. "बुधवारी ते मशीन दुपारपर्यंत नेटवर्कवरच नव्हतं."

नेटवर्कची वायर निघाली होती, दुपारी तिनेच खोचली होती. आता तिला आठवलं. "अरे, मला सांगायचंस ना!"

"तू कुठे सांगितलंस काही टाकलंय म्हणून? थांब, सर्व्हरवरच टाकतो. सगळीकडे जाईल."

फोन ठेवून ती चंपाला शोधायला गेली. "सॉरी गं. तुझी काही चूक नव्हती."

"कसली चूक?" चंपाने विचारलं. "कोपऱ्यातल्या मशीनला मार आता फडकं," प्राची म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पोरांनी मशिन्स लावली आणि सगळीच्या सगळी एकदम बोलू लागली. कोणी आवाज बंद करायला गेलं की मशीन तेही वाचून दाखवायचं. "मॅडम, व्हायरस!" मागून कोणीतरी ओरडलं. काका दारातच थबकले. डावीकडे, उजवीकडे मान फिरवत राहिले.

"यातलं माझं कुठलं?"

काकींनाही ठरवता येईना. आणि मग काका हसायला लागले, इतके की काकींनी त्यांचा दंड धरून ठेवला.

संध्याकाळी उन्मेषने तो आवाज बंद केला. तीन बटणं एकत्र दाबली तरच मशीन बोलेल असं करून ठेवलं. ती तीन बटणं काकांच्या बोटांना एका दिवसात पाठ झाली. हल्ली ते कोपरा सोडून खिडकीपाशच्या मशीनवर बसतात. तिथे वारा येतो म्हणे.