कधीच न कापलेला केक

मी एक जुना तीन मजली केक आहे. तोंडाला पाणी सुटू देऊ नका, मित्रांनो. मी आतून थर्माकोल आणि वरून प्लास्टर आहे. बानी गावचे फोटोवाले डॉन नेरेओ (आमच्याकडे 'डॉन' म्हणजे तुमचं 'राव') यांनी मला घडवलं आणि त्यांच्या वहिनीने माझ्यावर गुलाब काढले.

पंधरावं वरीस साजरं करणाऱ्या मुली, नवरा-नवरी, सगळे फोटोसाठी माझ्याशेजारी उभे राहत. "काय देखणा आहे!" म्हणत. मी फुगून जायचो. एकदा उंदराने माझा कोपरा कुरतडला आणि तसाच थुंकून गेला. माझी लायकी मला तेव्हाच कळायला हवी होती.

मग एक दिवस योकास्ता आली. सोबत तिचा नवरा एलिहिओ. तो बोस्टनला खानावळीत राबायचा आणि सुटीवर आला होता. त्यांचं लग्न वर्षापूर्वीच झालं होतं, अगदी खरंखुरं. पण तिला तिकडे न्यायचं तर ते तिकडच्या वकिलातीला पटवून द्यायला हवं होतं.

"लग्नाचा एकही फोटो नाही?" डॉन नेरेओंनी विचारलं.

"आहे ना," एलिहिओ हसला. "अंगणात, पातेल्याभोवती. मी रबरी चपलांत, आणि हिच्या तोंडात ही एवढी कोंबडीची तंगडी!"

"गप्प बस!" योकास्ता लाजून लाल झाली. "वकिलातीतला साहेब म्हणेल, हे लग्न आहे की कोंबडीचोरांची पंगत?"

"मग हा केक आहे की," डॉन नेरेओ म्हणाले. " कोट देतो, झगा देतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, पोरी!"

फोटो झकास आला. मला फार अभिमान वाटला.

मुलाखतीच्या दिवशी ती वकिलातीतून थेट आमच्या दुकानात आली. डोळे सुजले होते.

"साहेबाने विचारलं, केक कशाचा होता? मी म्हटलं, अननसाचा. मग त्याने आणखी दोन जोडप्यांचे फोटो पुढे टाकले. दोन्हींत हाच केक, हाच कुरतडलेला कोपरा! म्हणाला, केक खोटा, मग लग्न तरी खरं कशावरून? अर्ज नामंजूर झाला, डॉन नेरेओ."

डॉन नेरेओंना वर बघवेना. तेवढ्यात तिचा फोन वाजला. पलीकडे बोस्टनहून एलिहिओ होता. तिने त्यालाही सगळं सांगितलं.

"अगं, मग तो अंगणातला फोटो का नाही दाखवलास?"

"तुझ्या चपलांची लाज वाटली रे मला," ती म्हणाली आणि हुंदके देऊ लागली.

मित्रांनो, लाज वाटायला हवी होती ती माझी. मला आजवर कुणी खाल्लं नाही, पण मी मात्र एका पोरीचा संसार खाऊन बसलो. तुमच्या घरचं काही साधं असेल, ओबडधोबड असेल, तर ते लपवू नका. ते जपून ठेवा आणि चारचौघांत दाखवा.

आणि जमलं तर एवढं करा. उद्या सकाळी आणखी एक जोडपं यायचं आहे, त्याआधी कुणीतरी मला उचलून उकिरड्यावर टाका.