इनेझबाईंनी न सांगितलेले

मित्रांनो, मी एक जुना हातआरसा आहे. टास्मानियातल्या एका बंदराच्या गावी, दातांच्या डॉक्टर इनेझ ट्रेलोर यांच्या दवाखान्यात माझे आयुष्य गेले. नवा दात बसला की लोक माझ्यात पाहून हसत.

वयाने बाईंच्या वरच्या पापण्या इतक्या उतरल्या की कीड लागलेली दाढही नीट दिसेना. त्या शस्त्रक्रियेला गेल्या, तेव्हा नवे डोळे पाहायला मला पर्समध्ये घेऊन गेल्या. डॉक्टर ड्रायस्डेल यांनी पापणी बधिर करायला सुई टोचली. शस्त्रक्रिया झाल्यावर बाईंनी मला उचलले. डाव्या डोळ्याची बाहुली फुलून मोठी झाली होती. डोळा जागचा हलेना, एकाचे दोन दिसू लागले.

"डॉक्टर, माझा डोळा गेला का?"

"औषध आत पसरलं असेल. होतं असं कधीकधी."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"सगळं सांगत बसलो तर टेबलावर झोपेल कोण?" नर्सकडे पाहून ते हसले आणि जेवायला निघून गेले.

संध्याकाळी डोळा ठीक झाला. पण तोवर आपला धंदा बुडाला, आपण आंधळ्या झालो, असे समजून बाई रडल्या होत्या. तो राग काही उतरला नाही.

हिवाळ्यात ड्रायस्डेल यांची दाढ सुजली. गावात दातांच्या डॉक्टर बाईच. त्यांनी हिरडीत सुई दिली आणि औषध भलत्या नसेत गेले. अर्धा चेहरा लोंबला, पापणी मिटेना. हे मुद्दाम झाले नाही, शपथेवर सांगतो. थोड्या वेळात उतरेल, हे बाईंना लगेच कळले. पण त्या बोलल्या नाहीत. त्यांनी मला डॉक्टरांसमोर धरले.

स्वतःवर बेतल्यावर डॉक्टर सारे शिक्षण विसरले. "इनेझबाई, हा अर्धांगाचा झटका तर नाही ना?" शब्द ओठांतून सांडत होते.

"बघू."

"बघू म्हणजे?"

बाईंनी मलम घालून त्यांचा डोळा हळुवारपणे पट्टीने मिटवला. मग सावकाश हात धुतले. खोटे कशाला सांगू, मला फार गोड वाटले.

डॉक्टरांना रडू फुटले तेव्हा बाई म्हणाल्या, "औषध पसरलंय. उतरेल. आपल्याला कोणी काही सांगत नाही, तेव्हा कसं वाटतं, कळलं?"

"चुकलं माझं."

"हो," एवढेच म्हणून बाई दाढेकडे वळल्या.

मित्रांनो, कोणाला सुई टोचाल तर काय होऊ शकते ते आधी सांगा. घाबरलेल्या माणसाला हसू नका. ड्रायस्डेल आता आधी सगळे समजावतात म्हणे. बाईंनी त्यांना माफ केलेले नाही. मीही नाही.