साठ अंशांचं मोजमाप

माझी बायको प्रयोगशाळेत काम करायची. अमाइनच्या द्रावणात कार्बन डायऑक्साइड किती विरघळतो, ते मोजायचं. मी तिथलाच फिटर. तिची पोलादी भांडी, नळ्या, झडपा मीच जोडून द्यायचो. भांड्यात द्रावण भरायचं, वरून वायू सोडायचा, ढवळत ठेवायचं. वायू विरघळेल तसा दाब उतरतो. दाबाचा आकडा दोन तास जागचा हलला नाही, तरच ती वहीत लिहायची. अमाइनला मासळीसारखा वास येतो. तो तिच्या कपड्यांतून घरी यायचा. मी नाक मुरडलं की म्हणायची, "तुमच्या ग्रीसपेक्षा बरा."

तिला जाऊन चार महिने झाले. परवा तिची विद्यार्थिनी वही घेऊन वर्कशॉपमध्ये आली. मॅडमची वेगवेगळ्या तापमानांची सगळी मोजमापं तिने पुन्हा करून पाहिली होती.

"काका, सगळं तंतोतंत जुळलं. फक्त साठ अंशांचं नाही. मॅडमच्या आकड्यात वायू कमी विरघळलेला दिसतो."

"तुझंच काहीतरी चुकलं असेल."

"तीनदा केलं, काका."

मी पानावरची तारीख पाहिली. बायकोचं शेवटचं मोजमाप. त्या दिवशी चार वाजता डॉक्टरांकडे जायचं होतं. मी तिची पर्स घेऊन दारात उभा.

"अहो, दाब अजून उतरतोय," ती म्हणाली.

"उतरू दे. तू ऊठ आधी."

आयुष्यात बाईने माझं कधी ऐकलं नाही, त्या दिवशी ऐकलं. होता तो आकडा लिहिला आणि उठली. पुन्हा तिथे आली नाही.

"राहू देऊ का आलेखात?" ती विद्यार्थिनी हळूच म्हणाली. "एखादा बिंदू रेषेबाहेर असला तर कोणी विचारत नाही."

मला तो हवा होता. तिच्या हातचं शेवटचं काम. पण चुकीचा आकडा ठेवला असता तर तिने तीच वही माझ्या डोक्यात घातली असती.

"खोड," मी म्हणालो.

"माझ्याच्याने नाही होणार."

तिथल्या वहीत चुकलेला आकडा खरडून काढत नाहीत. त्यावर एक सरळ रेघ, शेजारी कारण, खाली सही. मी पेन घेतलं. रेघ बारीक मारली, आकडा वाचता येईल अशी. कारण लिहिलं, 'नवऱ्याने घाई केली.' सही केली.

मुलीने ते दोनदा वाचलं. "काका, असलं कारण नाही चालत."

"तिला चाललं असतं," मी म्हणालो.